गिअर कानाने बदलतात

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या गिअरबॉक्सवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील. काव्यशास्त्र सोडून हा मुलगा दातेरी चाकांत कुठे अडकला, असेही त्यांना वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात कसारा घाटात जे घडले, त्यानंतर हा विषय समजून घेतल्याखेरीज मला चैन पडेना. जे समजले ते मित्रांना सांगावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आम्ही चौघे मित्र एकाच्या घरची गाडी घेऊन नाशिकहून मुंबईला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. शर्यतीच्या मोटारींचे चालक पापणी लवण्याच्या आत गिअर बदलतात, हे आम्ही पडद्यावर अनेकदा पाहिले होते. घाटनदेवीला हात जोडून उतार धरला आणि माझ्या अंगात ती हौस संचारली. तिसऱ्या गिअरमधून झटक्यात चौथा टाकायला गेलो. घाईत दांडा डावीकडे सरकला आणि बसला दुसरा! क्लच सोडताच गाडीने जोराचा हिसका दिला, पुढची चाके ओल्या डांबरावर फरफटली आणि गाडी कठड्याच्या दिशेने घसरत गेली. वेग बेताचा होता आणि मागचा ट्रकवाला अंतर राखून होता, म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे.

घरी आल्यावर मामांना सारे सांगितले. मामांनी उमेदीची वर्षे जीप आणि ट्रक चालवण्यात घालवली आहेत. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, गिअर काय हाताने बदलतात? कानाने बदलतात."

या वाक्याचा अर्थ लागायला मला बरेच दिवस लागले.

गिअर बदलणे म्हणजे नेमके काय? इंजिन एका वेगाने फिरत असते, चाके दुसऱ्या. दोहोंमध्ये गिअरबॉक्स असतो आणि इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारा किंवा तोडणारा तो क्लच. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांची दातेरी चाके एकमेकांत कायमच गुंतलेली असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा दात असलेली एक सरकती कडी हव्या त्या चाकाला जाऊन पकडते. पकडताना दोघांचा वेग सारखा असावा लागतो. नसला तर दातावर दात आपटतात आणि तो सुप्रसिद्ध खर्रर्र आवाज येतो.

सीबीएसवर धावती एस.टी. पकडणारे वीर आपण पाहतो. (त्यांचे अनुकरण करू नये, पण दृष्टान्त चांगला आहे.) वीर आधी बसच्या बरोबरीने धावतो, मग दांडी धरतो. जागच्या जागी उभा राहून दांडी धरील, तर खांदा निखळेल. गिअरचेही तसेच. या गडबडीत मदतीला एखादा दयाळू कंडक्टर हात देऊन आपल्याला बसच्या वेगात ओढून घेतो. तो कंडक्टर म्हणजे सिंक्रोमेश. ही बहुधा पितळेसारख्या धातूची एक शंकूच्या आकाराची कडी असते. ती घासून आधी दोन्ही वेग जुळवते आणि मगच दातांना आत जाऊ देते. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम आली. त्यापूर्वी वेग जुळवण्याचे काम चालकालाच करावे लागे.

महिंद्रच्या जुन्या जीपला पुढचे तीनच गिअर असत. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. भरल्या जीपने चढावर दम टाकला की चालत्या गाडीत पहिला गिअर घालणे ही कसोटी. त्यासाठी मामांच्या पिढीकडे 'डबल क्लच' होता. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची, क्लच सोडायचा, किंचित रेस देऊन इंजिनाचा आणि त्याबरोबर गिअरबॉक्समधील दांड्याचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गिअर घालायचा. रेस किती द्यायची हे सांगणारा काटा जीपमध्ये नव्हता. ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचे. कानाने गिअर बदलणे ते हेच.

शर्यतीतले कौशल्य याच विद्येचे पुढचे पाऊल आहे. वळणाआधी ब्रेक दाबलेला असतानाच गिअर उतरवायचा असतो. पण ब्रेक, क्लच आणि रेस या तिघांना पाय दोनच. म्हणून चालक उजव्या पावलाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून धरतो आणि त्याच पावलाच्या टाचेने किंवा कडेने रेसला हलका धक्का देतो. याला 'हील अँड टो' म्हणतात. इंजिनाचा वेग आधीच जुळलेला असल्याने क्लच सुटताना हिसका बसत नाही आणि ऐन वळणावर चाके जमीन सोडत नाहीत. पाहणाऱ्याला हे चापल्य वाटते. मुळात ती गाडीचा तोल सांभाळण्याची रीत आहे.

दुसरा प्रकार 'पॉवर शिफ्ट'. यात रेसवरचा पाय उचलायचाच नाही. क्लचला निसटता धक्का द्यायचा आणि दांडा ओढायचा. सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत त्याने सेकंदाचा काही अंश वाचतो. पण त्या क्षणी इंजिन मोकळे सुटून उसळते आणि त्याचा सारा आवेश क्लच प्लेट, सिंक्रोमेश व दात यांच्यावर आदळतो. रॅलीच्या गाड्यांत अनेकदा निराळा गिअरबॉक्स बसवतात. त्याला सिंक्रोमेश नसते. दात थोडे, जाड आणि विरळ असतात. तो झटका सोसण्यासाठीच घडवलेला असतो आणि वरचेवर उघडून त्याचे भाग बदलले जातात. नाशिक परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' झालेली आहे. तिथे धावणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणि आपल्या घरच्या गाडीचा गिअरबॉक्स एकाच नावाचे असले, तरी जातीने वेगळे.

सर्वांत महाग चूक मात्र माझ्यासारखी. अमेरिकन चालक तिला 'मनी शिफ्ट' म्हणतात, कारण ती खिसा रिकामा करते. समजा, तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.३, चौथ्याचे १ आणि दुसऱ्याचे २ आहे. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना चौथा टाकला, तर फेरे सुमारे ४६०० वर येतात. चुकून दुसरा बसला तर चाके इंजिनाला ९२०० फेऱ्यांपर्यंत ओढू पाहतात. इंजिनाच्या झडपांना उघडमीट करायला वेळच उरत नाही. उघड्या झडपेवर पिस्टन आदळतो आणि सारा डाव संपतो. फेऱ्यांवर मर्यादा घालणारे यंत्र आजच्या गाड्यांत असते ना, असे कोणी विचारील. असते, पण ते फार तर इंधन तोडते. इथे इंजिनाला इंधन फिरवत नसून धावती गाडी फिरवत असते. तिला कोण तोडणार?

घाटात याच्या उलट मोहही असतो. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडली की इंधन वाचते, अशी समजूत आहे. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडीत ती खरी नाही. गिअरमध्ये राहून रेसवरून पाय काढला, तर इंजिन इंधन घेणेच बहुधा थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला इंधन लागतेच. शिवाय इंजिनाचा अडसर गेल्याने गाडीचा सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. याच घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे आणि गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. एवढी मोठी रेल्वे जिथे घाटाचा मान राखते, तिथे आपली काय कथा?

१९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वन शर्यतीत स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि पुढे हाताची ती करामत शर्यतीतूनच मागे पडली. २०२५ च्या जून महिन्यापासून समृद्धी महामार्गाच्या बोगद्यातून जाणाऱ्याला कसारा घाटही लागत नाही. मग ही विद्या कशाला? ज्यांना हौस आहे त्यांनी ती बंदिस्त मैदानावर, जाणत्याच्या देखरेखीखाली जरूर शिकावी. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. आणि कठड्यापलीकडची दरी कलम विचारत नाही.

दिवाळीत मामांना शेजारी बसवून पुन्हा त्याच घाटाने उतरलो. तिसरा गिअर, रेसवरून पाय काढलेला, इंजिनाचा एकसुरी घुमारा. साऱ्या घाटात मामा एक शब्द बोलले नाहीत. कसारा मागे पडल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि ते चक्क झोपी गेले. परीक्षेत इतके गुण मला आजवर कुणी दिलेले नाहीत.