शर्यतीचा घोडा पारखताना

मागची शर्यत जिंकलेला घोडा पुढचीही मारणार, असं आपण सहज धरून चालतो. कित्येकांचे पैसे बुडतात ते इथंच! हँडिकॅप शर्यतीत विजेत्याच्या पाठीवर पुढच्या खेपेस बहुधा वजन वाढवतात. जॉकी हलका असला, तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. म्हणून जाणता माणूस नुसता क्रमांक पाहत नाही. वजन किती होतं, अंतर किती, जमीन कशी, हे तो ताडून बघतो. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यातल्या, मुंबईच्या महालक्ष्मीवरच्या हिवाळ्यातल्या. ओल्या हिरवळीवर चमकलेला घोडा कोरड्या जमिनीवर मागे पडायचा! हजार मीटरचा चपळ गडी २,४०० मीटरच्या इंडियन डर्बीत दमेल. उलट, जड वजन घेऊन थोडक्यात चौथा आलेला घोडा वजन उतरताच पुढं येऊ शकतो. पण त्याच्याकडं बघतं कोण?