देशाच्या धुराचा हिशेब

स्वयंपाकघरात धूर किती होणार, हे कशावर ठरते? जेवणारी माणसे किती, प्रत्येकाच्या ताटात पदार्थ किती, ते शिजवायला जळण किती लागते आणि ते जळण कसले, या चार गोष्टींवर. देशाच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेबही मला असाच दिसतो. लोकसंख्या, माणशी उत्पन्न, रुपयाभर उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतून निघणारा कार्बन, या चार आकड्यांचा गुणाकार म्हणजे देशाचे उत्सर्जन. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने हे समीकरण ओळखले जाते.

भांडण आहे ते पहिल्या दोन आकड्यांवरून. एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचाच क्रमांक लागतो. माणशी पाहाल, तर आपला कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकनाचा सुमारे १४ टन. 'ताटातले पदार्थ कमी करा' हा सल्ला अर्धपोटी माणसाला कोणत्या तोंडाने द्यायचा? शिवाय ताट ओढून घेतल्याने काय होते, हेही जगाने पाहिले आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने बंद पडले आणि रशियाचे उत्सर्जन झपाट्याने उतरले. त्याबरोबर असंख्य लोकांचे रोजगारही गेले. २०२० मध्ये कोरोनाने जगाला घरात कोंडले, तरी त्या वर्षी जगाचे कार्बन उत्सर्जन साधारण ५ टक्केच घटले.

म्हणून माझा भर उरलेल्या दोन आकड्यांवर आहे. त्यातला एक काटकसरीचा. ६० वॅटच्या जुन्या बल्बचे काम आज ९ वॅटचा एलईडी दिवा करतो. उजेड तेवढाच, वीज मात्र साधारण सातवा हिस्सा. आपल्या गृहिणींनी प्रेशर कुकर घेतला, तेव्हा हेच केले होते.

दुसरा आकडा जळणाचा. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना सह्याद्रीवर अडवलेल्या पावसाच्या पाण्याची वीज मिळू लागली. कापड तेच, माग तेच. कोळसा मात्र कमी. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने अणुवीज केंद्रे उभारण्याचा सपाटा लावला. तिथली सुमारे दोन तृतीयांश वीज आज अणुभट्ट्यांतून येते. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावर सार्वजनिक वीज निर्माण करणाऱ्या ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद केले. १९९० च्या तुलनेत त्या देशाचे उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आले आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. अर्थात, तिथले बरेच कारखानेही परदेशी गेले. ब्रिटिश घरातली वस्तू चीनमध्ये घडली, की तिचा धूर चीनच्या खात्यावर पडतो, हेही विसरू नये.

आता आपले पाहू. आपली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे आणि अशा एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाच्या तीव्रतेत ४५ टक्के घट करण्याचे भारताने २०२२ मध्ये जाहीर केले. ही घट रुपयामागची आहे, एकूण धुराची नव्हे. उत्पन्न त्याहून वेगाने वाढले, तर एकूण आकडा चढतच राहील. सौरऊर्जा वाढते आहे. पण सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे, पंखे आणि टीव्ही सुरू होतात, त्या वेळची वीज साठवून ठेवण्याची सोय त्याच वेगाने वाढायला हवी.

मला काळजी वाटते ती आणखी एका हिशेबाची. चंद्रपूर आणि वणीकडे कोळशाच्या खाणींवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्यापुढे या चौथ्या आकड्याचा अर्थ रोजगार असा आहे. नवे जळण आणताना त्यांच्या मुलांसाठी नवे काम आणले नाही, तर देशाच्या धुराचा आकडा उतरेल. पण त्याची किंमत त्या घरांनी मोजलेली असेल. त्याची तजवीज खाणी चालू आहेत तोवरच करायला हवी.