शाळेची पर्जन्यनोंद आणि लिनक्सवरचा डेटाबेस

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस इंग्लंडमध्ये कोविडच्या रुग्णांची मोजणी चुकू लागली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांचे निकाल बरोबर होते, रुग्णांना ते कळवलेही गेले होते. पण मधल्या टप्प्यावर ही माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरली जात होती आणि अशा फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी मुकाट्याने गळून पडल्या. ज्यांच्या संपर्कातल्या माणसांना तातडीने शोधायला हवे होते त्यांचा शोध काही दिवस लांबला. साथीच्या रोगात काही दिवस ही लहान गोष्ट नसते.

त्याच वर्षी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावेच बदलली. 'मार्च १' आणि 'सेप्ट २' अशी ही नावे. ती एक्सेलमध्ये लिहिली की १ मार्च, २ सप्टेंबर अशी तारीख होऊन बसत. संगणकाचा हट्ट सुटेना, म्हणून शास्त्रज्ञांनी माघार घेतली.

ही उदाहरणे द्यायचे कारण असे, की आपल्या अनेक शाळांतही हौशी शिक्षक पर्जन्यमापक ठेवतात, मुलांकडून रोजचा पाऊस मोजून घेतात आणि तो वहीत किंवा एक्सेलच्या तक्त्यात लिहितात. शिक्षकाची बदली झाली की वही हरवते, तक्ता कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये राहतो. दहा वर्षांची सलग नोंद ही गावापुरती अमूल्य वस्तू आहे. ती पुन्हा मोजता येत नाही. एक्सेल हे मुख्यतः हिशोबाचे साधन आहे. माहिती जपून ठेवण्याचे साधन निराळे, त्याला डेटाबेस म्हणतात. लिनक्स असलेल्या संगणकावर असा डेटाबेस आणि तो हाताळायची खिडकी फुकट बसवता येते. ते कसे, आणि बसवताना आत काय घडते, हे या लेखात पाहू.

खिडकी वेगळी, कोठार वेगळे

नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. पडद्यावर तक्ते दाखवणारा, बटणे असणारा प्रोग्रॅम म्हणजेच डेटाबेस असे त्यांना वाटते. मोठ्या डेटाबेसांच्या बाबतीत तसे नसते. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांची रचना बंद कपाटांच्या ग्रंथालयासारखी असते. वाचकाने कपाटाला हात लावायचा नाही. चिठ्ठी लिहून खिडकीतून द्यायची, ग्रंथपाल पुस्तक आणून देतो. हा ग्रंथपाल म्हणजे सर्व्हर. तो संगणकात सतत जागा असतो आणि ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर वाट पाहतो: पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६. पीजीॲडमिनसारखे चित्रमय प्रोग्रॅम फक्त चिठ्ठी लिहायचे आणि उत्तर मांडून दाखवायचे काम करतात. म्हणून नुसता पीजीॲडमिन बसवून तो उघडला, तर 'जोडणी नाकारली' असा संदेश येऊ शकतो. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. दारामागे ग्रंथपालच नेमलेला नसतो.

शाळेच्या पर्जन्यनोंदीला ग्रंथपालाची गरज नाही. तिथे उघडे कपाट पुरते. एसक्यूलाइट हा तसा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहिला. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरील कामात, सर्व्हर बंद पडला की सगळेच अडून बसते या त्रासातून त्यांना ही कल्पना सुचली. एसक्यूलाइटमध्ये सर्व्हर नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एकच फाईल. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो, म्हणजे वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात तो आत्ताही आहे. त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहिती दीर्घकाळ जपण्यासाठी शिफारस केलेल्या फाईल-प्रकारांत त्याचा समावेश केला आहे. आमच्या मते शाळेसाठी हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

ही फाईल उघडून दाखवणारी खिडकी म्हणजे 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'. एसक्यूलाइटचे यंत्र तिच्याबरोबरच येते, त्यामुळे वेगळे काही नेमावे लागत नाही.

दोन ओळींत काय घडते

उबुंटू किंवा डेबियन कुळातल्या लिनक्सवर टर्मिनल उघडून दोन आज्ञा द्यायच्या. पहिली 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि दुसरी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एसक्यूलाइटब्राउझर'. अर्थात टाइप करायच्या त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत; शेवटच्या नावात एसक्यूलाइट आणि ब्राउझर हे शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता. फेडोरावर फक्त दुसरी आज्ञा द्यावी आणि तिच्यात 'ॲप्ट'च्या जागी 'डीएनएफ' लिहावे.

'सुडो' म्हणजे ही आज्ञा मालकाच्या अधिकाराने पाळ. नवा प्रोग्रॅम संगणकाच्या सामाईक जागेत जाणार, सर्वांना दिसणार. म्हणून पासवर्ड विचारला जातो. बऱ्याच लिनक्सवर तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असे समजून पुष्कळ जण इथेच थांबतात. बिनधास्त टाइप करून एंटर दाबावे.

पहिल्या आज्ञेने काहीच बसवले जात नाही. फक्त भांडाराची ताजी यादी आणली जाते. डेबियन हा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केला. हजारो प्रोग्रॅम तपासून, बांधून, एका भांडारात ठेवायचे ही त्याची पद्धत. सुरुवातीच्या काळात एखादा प्रोग्रॅम बसवू जावे तर तो म्हणे, मला अमुक दुसरा भाग हवा. तो आणावा तर त्याला तिसरा हवा. या परस्परावलंबनाने लोक मेटाकुटीला येत. ॲप्ट हा प्रोग्रॅम १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आला आणि त्याने हे काम स्वतःकडे घेतले. यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याच्या गरजा लिहिलेल्या असतात. ॲप्ट त्या गरजा, मग गरजांच्या गरजा असे शोधत जातो, संगणकात आधीच असलेल्या वगळतो आणि उरलेल्यांची यादी दाखवतो. आपली खिडकी 'क्यूटी' नावाच्या चित्रमय साहित्यावर उभी आहे, त्यामुळे एका नावाची आज्ञा देऊनही पाचदहा नावे दिसली तर दचकू नये.

हे साहित्य खरे कशावरून? जगभरच्या अनेक संगणकांवर भांडाराच्या प्रती असतात, त्यांतल्या एखाद्याने खोडसाळपणा केला तर? इथली युक्ती मुलांनाही सांगण्यासारखी आहे. प्रत्येक फाईलीवरून गणिताने एक ठसा काढतात: १६ चिन्हांच्या अंकपद्धतीतली ६४ अंकांची संख्या. फाईलीतले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो आणि तोच ठसा देणारी दुसरी फाईल मुद्दाम बनवणे आजच्या माहितीप्रमाणे व्यवहारात अशक्य आहे. प्रोग्रॅमांचे ठसे यादीत लिहिलेले असतात. यादीचा ठसा एका मुख्य पत्रकात असतो आणि त्या पत्रकावर प्रकल्पाची गणिती सही असते. ती तपासण्याची किल्ली लिनक्स बसवतानाच संगणकात आलेली असते. एका सहीवर सगळे भांडार तोलले जाते. म्हणून भांडारातून मिळणारी वस्तू सोडून कुठल्याही संकेतस्थळावरून उचललेली फाईल बसवू नये, असा आमचा आग्रह आहे.

इंटरनेट नसलेल्या शाळेसाठी एक वाट आहे. या खिडकीची 'ॲपइमेज' मिळते, म्हणजे सगळ्या गरजा पोटात घेतलेली एकच फाईल. ती प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, पेन ड्राइव्हवरून न्यावी, गुणधर्मांत जाऊन तिला चालण्याची परवानगी द्यावी आणि उघडावी. २०२२ पासूनच्या उबुंटूवर त्यासाठी 'फ्यूज' नावाच्या भागाची दुसरी आवृत्ती आधी बसवावी लागू शकते.

पावसाचा तक्ता

खिडकी उघडली की 'न्यू डेटाबेस' दाबून फाईलला नाव द्यावे. लगेच तक्ता बनवण्याची चौकट येते. गंमत अशी, की तक्त्याला आणि रकान्यांना देवनागरी नावे चालतात. तक्ता 'पाऊस', रकाने 'तारीख' आणि 'मिमी'. तारखेचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवावा, कारण एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही. ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी: २०२४-०६-१५. असे लिहिले की अक्षरांच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. भारतीय हवामानखाते सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजून त्या दिवसाच्या नावावर लिहिते. शाळेनेही तेच करावे, म्हणजे तुलना करता येईल.

'मिमी'चा प्रकार 'रिअल'. आणि इथे मराठी माणसासाठी एक खास सापळा आहे. आकडे देवनागरीत टाइप केले तर एसक्यूलाइटला ते अंक वाटतच नाहीत. कुरकुर न करता तो ते शब्द म्हणून ठेवून घेतो. बेरीज करताना अशा शब्दाची किंमत शून्य धरतो. पण तुलना करताना कोणताही शब्द प्रत्येक संख्येपेक्षा मोठा, असा त्याचा नियम आहे. रिकाम्या शब्दालाही हे लागू. परिणाम काय होतो पाहा. हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस'. ज्या दिवशी चौकट रिकाम्या शब्दाने भरली गेली, तो दिवस सरासरीत कोरडा धरला जाईल आणि पावसाच्या दिवसांत मात्र मोजला जाईल!

यावर उपाय तक्ता बनवतानाच करता येतो. 'मिमी'च्या ओळीत 'चेक' या रकान्यात 'मिमी बिटवीन ० अँड १५००' अशी अट रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत घालावी, फक्त 'मिमी' देवनागरीत. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता, तेव्हा १५०० ही मर्यादा पुरेशी सैल आहे. शब्द सगळ्या संख्यांहून मोठा धरला जात असल्यामुळे तो या मर्यादेत बसत नाही आणि नोंद परत फेकली जाते. उणे आकडाही अडतो.

पण मग मोजणी राहून गेलेल्या दिवशी काय लिहायचे? शून्य नक्कीच नाही. त्यासाठी डेटाबेसमध्ये 'नल' नावाची खूण आहे; तिचा अर्थ 'नोंद नाही'. ती वरच्या अटीत अडत नाही आणि सरासरीतून वगळली जाते. जूनच्या ३० दिवसांपैकी २७ दिवसांची मोजणी झाली आणि बेरीज १६२ मिमी आली असे समजा. राहिलेल्या तीन दिवसांवर 'नल' असेल तर रोजची सरासरी ६ मिमी येते. तिथे शून्य लिहिले असेल तर ५.४. दोन्हींत एकाही थेंबाचा फरक नाही. वर्गात मापनातील प्रामाणिकपणा शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

'एक्झिक्यूट एसक्यूएल' या पानावर प्रश्न विचारता येतात. 'सिलेक्ट सम(मिमी) फ्रॉम पाऊस व्हेअर तारीख लाइक' एवढे लिहून पुढे अवतरणात वर्ष, महिना आणि टक्क्याची खूण दिली की त्या महिन्याचा पाऊस हजर. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये मांडलेल्या तक्त्यांच्या गणितावर ही भाषा उभी आहे. काय हवे ते सांगायचे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवायचे.

मुलांची किंवा गावांची नावे अकारविल्हे लावली तर क्रम थोडा चमत्कारिक दिसेल. एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमांकानुसार लावतो. तिथे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये आहे, 'क्ष' हा 'क'खाली जातो आणि 'ॲ'ने सुरू होणारी नावे थेट 'ह'च्याही नंतर येतात. शिवाय 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते; दिसायला सारखे, संगणकाला भिन्न. एका तऱ्हेने शोधले तर दुसरे सापडत नाही. नावे भरणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरणे बरे. आणि नावांचा विषय निघालाच आहे तर, या फाईलला साधारणपणे कुलूप नसते. जिच्या हाती प्रत, तिला सर्व दिसणार. मुलांचे आधार क्रमांक वगैरे यात ठेवू नयेत.

वीज गेली तर

नोंदी भरल्या तरी 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत त्या पक्क्या होत नाहीत. ही अडचण नसून सोय आहे: चुकीचे भरले तर 'रिव्हर्ट चेंजेस' दाबून मागे येता येते. मात्र बदल अर्धवट ठेवून दुसऱ्या प्रोग्रॅमने तीच फाईल बदलू पाहिली, तर 'डेटाबेस बंदिस्त आहे' असे उत्तर मिळते.

पक्के करतानाच नेमकी वीज गेली तर? बदल करण्याआधी एसक्यूलाइट जुनी पाने शेजारच्या एका फाईलमध्ये उतरवून ठेवतो. तिच्या नावाच्या शेवटी 'जर्नल' असते. काम पुरे झाले की ती पुसली जाते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना तो जर्नल पाहतो आणि सर्व पूर्ववत करतो. म्हणजे बदल एक तर पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. तेव्हा वीज आल्यावर फोल्डरमध्ये अशी अनोळखी फाईल दिसली तर कचरा समजून ती पुसू नये. आधी डेटाबेस एकदा खिडकीतून उघडावा, मग बंद करावा आणि त्यानंतरच त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. वर्षातून एकदा 'सीएसव्ही' या साध्या मजकुराच्या रूपातही तक्ता बाहेर काढून छापील प्रत दप्तरी लावावी. पर्जन्यमापक कुठे ठेवला होता, त्याच्या तोंडाचा व्यास किती आणि त्या वर्षी मोजणी कोणत्या वर्गाने केली, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे.