नवा कॅमेरा आणि घराचं दार

भिलाईहून बोलतोय. नवा कॅमेरा घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता फ्लॅश घेऊ की दुसरी लेन्स?" माझं उत्तर, महिनाभर काहीच घेऊ नका. खोक्यातून जी १८-५५ ची लेन्स आलीय ती आणि घराचं दार, एवढ्यावर हा महिना काढा.

दाराचं सांगतो, पण आधी ऊन. भिलाई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या जरा वर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारी बाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो. (जुलैत ढगांनी दाखवला तर!) तेव्हा कुणाला अंगणात उभं करून पाहा. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाची सावली थेट ओठांवर. धडधाकट माणूस आजारी दिसतो, आणि महागडा कॅमेरा यात काही करू शकत नाही.

संध्याकाळचं कोवळं ऊन चांगलं, हे तुम्ही ऐकलं असेल. पण मुंबईच्या माणसानं सांगितलेली वेळ इथं चालत नाही. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं धरली, तर आपण मुंबईच्या साधारण ३४ मिनिटं पुढे. घड्याळ एकच, सूर्य वेगळा. नागपूर आणि आपल्यात मात्र जेमतेम ९ मिनिटांचा फरक.

आता दार. सेक्टरमधलं क्वार्टर असो की फ्लॅट, बाहेरचा उजेड येणारं एखादं दार किंवा मोठी खिडकी असतेच. तिथं खुर्ची ठेवा, उंबरठ्यापासून दोन हात आत, थेट ऊन पडत नाही अशा जागी. माणसाला दाराकडे जरासं तिरकं बसवा. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर गालाच्या दोन बाजूंना दोन रंग येतात. उजेड येण्याची जागा जितकी मोठी आणि जवळ, तितकी सावली मऊ. दोन-तीन पावलं आणखी आत गेलात की उजेड झपाट्यानं उतरतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपली नजर लगेच सरावते. कॅमेऱ्याला लगेच जाणवतं.

दुसरा गाल काळा पडतोय? त्या बाजूला पांढरी चादर किंवा धोतर धरा. हसू नका. १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये सुब्रत मित्रांनी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उजळलं, ते वर पांढरं कापड ताणून आणि त्यावर खालून दिवे मारून. कापडावरून परतलेला उजेड वाड्याच्या चौकात उतरतो तसा दिसतो.

आकडे विचाराल तर सुरुवातीला एफ/५.६, १/१२५ सेकंद, आयएसओ ८००. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकार, आणि इथं गोंधळ होतो: आकडा लहान तर भोक मोठं. सेकंदाचा आकडा म्हणजे पडदा किती वेळ उघडा, आणि आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्यानं किती वाढवून दाखवायचा. फोटो काळपट आला तर आयएसओ १६०० करा, उजेड दुप्पट दिसेल, थोडे दाणे येतील. दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. लेन्स ५५ वर ठेवा आणि स्वतः मागे सरका; १८ वर ठेवून जवळ गेलात तर नाकच पुढे येतं.

मैत्रीबागेत पांढऱ्या वाघाचा फोटो काढलेले तक्रार करतात की वाघ मळका आला. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. वाघानं बरीच चौकट भरली, की तो पांढऱ्यालाही करडा करतो. प्लस-मायनसचं बटण असतं, ते प्लस एकवर न्या. पांढऱ्या साडीतल्या आजीलाही हेच लागू.

आजीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. आपल्याकडे माणूस गेल्यावर हार घालायला फोटो शोधतात आणि सापडतो तो लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला, नाहीतर आधारकार्डावरचा. घरात कॅमेरा असूनही. कारण मंडळी कॅमेरा घेऊन धबधबे शोधत फिरतात. माझ्या मते नव्या कॅमेऱ्याचं पहिलं काम घरातली म्हातारी माणसं. ती फार वेळ बसत नाहीत, "माझा कशाला फोटो" म्हणून उठतात. म्हणून सेटिंग आधी रिकाम्या खुर्चीवर उशी ठेवून जुळवा, चहा हातात देऊन मगच बोलवा आणि ती बोलत असताना काढा.

या रविवारी एवढंच करा: तीच खुर्ची, तेच दार, सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता एकेक फोटो. तिन्ही शेजारी ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली फोटोत पट्टे का येतात, ते पुढच्या भागात.