कुंडीतले कंदीलपुष्प

हिमालयातल्या प्रिमरोझची छायाचित्रे पाहून काही भगिनी विचारतात, हे कोल्हापुरात लावता येईल का? नाही. बर्फाखाली झोपणाऱ्या त्या रोपाला आपला एप्रिल सोसणार नाही. पण तितकेच हट्टी रोप आपल्या सह्याद्रीत आहे: कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया, लिनियसने १७५३ साली दिलेले.

खाली फुगा, मध्ये नळी, वर टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्या. उर्दूत फानूस म्हणावे असेच रूप. नळीतले केस खाली वळलेले असतात. वासाने आलेली बारीक माशी आत घसरते आणि अडकते. फूल कोमेजू लागले की केस मलूल पडतात व माशी पराग घेऊन सुटते. कैद आहे, पण सुटकाही ठरलेली. सुभानल्लाह!

कास पठारावर याची वीतभर उंचीची एक जात आहे. जांभ्या दगडावर चार बोटे माती, पावसात चिखल, उन्हाळ्यात तापलेला तवा. तिथे आठ महिने रोप जमिनीखाली कंद होऊन राहते. गुराख्यांची पोरे हा कंद उकरून खातात. आम्ही त्यांना दोष देत नाही. बॉक्साइटच्या खाणीत अख्खे पठारच जाते, त्याचे काय?

आपल्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जाती शोधल्या आणि वनस्पती उद्यानात वाढवल्या. मुलांना ते दाखवायला जरूर न्यावे.

घरी लावायचे तर डोंगरावरून कंद आणू नये. कंद उपटला की तिथले झाड संपले. ज्यांनी आधीच वाढवले आहे त्यांच्याकडून बी घ्यावे. कुंडीला भोके हवीत, मातीत जांभ्याची खडी निम्मी. वेल असेल तर सुतळी बांधावी. शिंगांसारख्या जोडशेंगा धरल्या की त्यावर मलमलची पिशवी बांधावी, नाहीतर रेशमी शेपटीचे बी वाऱ्यावर उडून जाते. पाने पिवळी पडली की पाणी बंद, थेट जूनपर्यंत. ओल राहिली तर कंद कुजतो.

कुंडीवर नाव लिहून ठेवा. मे महिन्यात ती रिकामी दिसते आणि घरातले कुणीतरी त्यात कोथिंबीर पेरते.