ढगातली तरफ

तुळशीची कोवळी काडी चिमटीत धरून हळूच फिरवून पाहा. ती गोल लागत नाही, चार कडा बोटांना जाणवतात. पुदिन्याचंही तसंच; दोन्ही एकाच कुळातली. सुमारे ७००० जातींच्या या कुळातली एक नातलग पार हिमालयात, २००० मीटरच्या वर, जंगलांच्या कडेने राहते. साल्व्हिया न्यूबिकोला. लॅटिनमध्ये न्यूबिकोला म्हणजे ढगांत राहणारी! हिवाळ्यात जमिनीवर तिचा मागमूस उरत नाही. पण खाली मुळाशी जीव धरून असतो. तो पुन्हा अंकुरतो आणि ऐन पावसाळ्यात तिच्या चिकट, केसाळ तुऱ्यांवर पिवळी फुलं येतात.

फूल म्हणजे उघडं तोंडच. खालचा ओठ पसरट, भुंग्याला उतरायला. वरचा ओठ कोयत्यासारखा वाकलेला, आणि त्याच्या आत दडलेले दोन पुंकेसर.

खरी करामत त्या पुंकेसरांत आहे. शाळेत आपण तरफ शिकलो, टेकू शिकलो. इथे प्रत्येक पुंकेसर हीच एक तरफ असते. तिची लांब बाजू वर, टोकाला परागांची पिशवी. आखूड बाजू खाली, मधाच्या वाटेवर आडवी. भुंगा मधासाठी डोकं आत खुपसतो, आखूड बाजू मागे ढकलली जाते, आणि त्याच क्षणी वरची लांब बाजू खाली झुकून त्याच्या पाठीवर पराग टेकवते. भुंगा निघाला की तरफ पुन्हा जागेवर. ना स्नायू, ना मज्जातंतू. गवताची काडी अलगद आत सारली, तरी ती तशीच झुकते. कितीही वेळा पाहिलं तरी मला हे खरं वाटत नाही.

बरं, पराग पाठीवरच का? तिथे भुंग्याचे पाय नीट पोहोचत नाहीत, झटकायला अवघड. आणि फूल जुनं झालं की त्याचा स्त्रीकेसर लांबतो, खाली वाकतो आणि येणाऱ्या भुंग्याच्या पाठीला नेमका तिथेच घासतो. आधी देणं, मग घेणं. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःला लागण्याची शक्यता कमी होते.

साल्व्हियाची ही तरफ १७९३ साली क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. ते बर्लिनजवळच्या श्पांडाऊ इथले शाळामास्तर. फुलाचा रंग, ठिपके, मध हे सारं कीटकांसाठी असतं, असं त्यांचं म्हणणं. हयातीत फार कुणी मनावर घेतलं नाही. पुढे डार्विन यांनी त्यांच्या ग्रंथाची थोरवी ओळखली.

पाकळ्या गळल्या की हिरव्या पेल्याच्या तळाशी चार दाणे धरतात. दारातल्या तुळशीची वाळकी मंजिरी तळहातावर चोळा, एकेक पेला नखाने उघडा. तिथेही चारच.