दमेकऱ्याचा श्वास आणि खळ्यावरील धुरळा

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत आश्विनात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की यंत्राच्या तोंडून भुसकटाचा लोट उठतो आणि दमेकऱ्यांस धाप लागू लागते. जवळची माणसे कळवळून सांगतात, "दीर्घ श्वास घ्या." हा उपदेश प्रेमाचा खरा, परंतु उलटा होय.

दम्यात मुख्य अडचण हवा आत घेण्याची नसून बाहेर टाकण्याची असते. फुप्फुसांतील बारीक नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते व चिकट कफ साठतो. श्वास घेताना छातीबरोबर नळ्याही किंचित ताणून उघडतात. सोडताना त्या अधिकच मिटतात आणि जुनी हवा आत कोंडते. भरल्या पोत्यात आणखी धान्य दडपावे, तसा त्या दीर्घ श्वासाचा प्रकार होतो.

म्हणून लक्ष उच्छ्वासाकडे द्यावे. खांदे सैल सोडून, किंचित पुढे झुकून, हात मांड्यांवर टेकून बसावे. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत हलका श्वास घ्यावा. पोट पुढे यावे, छाती उचलू नये. मग शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून चार अंक मोजेपर्यंत श्वास सावकाश सोडावा. जोराने फुंकू नये. ओठ आवळल्याने आतला दाब टिकतो व नळ्या लवकर मिटत नाहीत. हा सराव बरे असतानाच रोज दहा मिनिटे करावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शेतकऱ्यांस सांगणे नको.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची शास्त्रीय परीक्षा आरंभिली. पुढे देशोदेशी झालेल्या परीक्षणांतून निघालेला निष्कर्ष मर्यादित आहे: अशा अभ्यासाने धापेचा जाच व घाबरेपणा कमी होतो, नळ्यांची सूज मात्र जात नाही. तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पंपच लागतो (विहिरीवरचा नव्हे!). नियमित घ्यावयाच्या पंपाची चटक लागते ही समजूत निराधार असून, तीपायी औषध सोडणारे ऐन हंगामात अडचणीत येतात. भस्त्रिका, कपालभाती व कुंभक धाप चालू असता वर्ज्य समजावेत.

धाप लागताच प्रथम आराम देणारा पंप घ्यावा, मग वरीलप्रमाणे श्वास सोडीत बसावे. तरीही उतार न पडल्यास, एका दमात वाक्य पुरे न झाल्यास अथवा ओठ निळसर दिसल्यास थांबू नये. १०८ क्रमांकास कळवून रुग्णालय गाठावे. किनवट, देगलूरकडील गावांस जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते, तेव्हा पहिल्या लक्षणासच निघणे बरे.

मळणीच्या दिवशी दमेकऱ्याने खळ्यापासून दूरच राहावे. जाणे भागच असेल तर वारा येतो त्या अंगास उभे राहून नाकातोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी बांधावी. नुसत्या उपरण्याने बारीक धूळ पुरती अडत नाही.